जर्नलसाठी संदर्भसूची : झोटेरो, एंडनोट की हाताने? सल्ला हवा

निळीशाई
मूळ संशोधनाचा लेख मेडिकल जर्नलला पाठवायचा आहे. संदर्भ ५८. जर्नलची अट अशी : व्हॅन्कुव्हर पद्धत (मजकुरात येतील त्या क्रमाने संदर्भांना आकडे देण्याची), मजकुरात चौकोनी कंसात आकडे, सहापर्यंत सगळे लेखक, त्याहून जास्त असतील तर पहिले सहा आणि पुढे 'एट अल' (म्हणजे 'आणि इतर'). लेख वर्डमध्ये आहे. चार सहलेखक आपापल्या संगणकावर बदल करतात, एक जण गूगल डॉक्समध्ये उघडतो. सूची आत्तापर्यंत हाताने केली आहे, त्यामुळे मध्ये एक संदर्भ घातला की पुढचे सगळे आकडे हलतात. पाच दिवस हातात आहेत. खर्च शून्य, ही अट पक्की. झोटेरो, एंडनोट असं संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर घ्यावं की हातानेच करावं?

टाचणी
एंडनोट घ्या. एकदा पैसे जातात, पण काम चोख होतं. फाईलमध्येच संदर्भांची माहिती साठते, त्यामुळे सहलेखकाकडे तुमची लायब्ररी नसली तरी अडत नाही. फक्त वैद्यकीय जर्नलांच्या नावांची यादी आधी आयात करा, नाहीतर निम्मी नावं पूर्ण आणि निम्मी संक्षिप्त छापली जातात. आणि संस्था लेखक असेल तर नावाच्या शेवटी स्वल्पविराम द्या.

तळटीप
धागाकर्तीने खर्च शून्य म्हटलंय. झोटेरो फुकट आहे आणि वर्डच्या फाईलमध्ये माहिती तोही साठवतो.

पबमेड या वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीतल्या लेखांचे पीएमआयडी (प्रत्येक लेखाचा तिथला क्रमांक) एका ओळीत एक असे लिहून काढा. झोटेरोत जादूच्या कांडीचं चिन्ह आहे, तिथे ती यादी चिकटवा. नोंदी आपोआप येतात. मग वर्डमधल्या झोटेरोच्या टॅबवरून शैली निवडा. व्हॅन्कुव्हर नावाच्या शैली बऱ्याच आहेत, काहींत गोल कंस, काहींत चौकोनी. म्हणून आधी जर्नलच्याच नावाने शोधा. दस्तऐवजाच्या सेटिंगमध्ये मेडलाइनची (पबमेडमागच्या मुख्य सूचीची) जर्नलांची संक्षिप्त नावं वापरण्याचा पर्याय असतो, त्यावर खूण करा.

नेमकं चुकतं कुठे, तर संस्थेच्या नावात. जागतिक आरोग्य संघटनेचं इंग्रजी नाव आडनाव आणि नाव अशा दोन रकान्यांत पडलं, की सूचीत 'ऑर्गनायझेशन डब्ल्यूएच' असा लेखक उगवतो. नावाशेजारच्या बटणाने दोन्ही रकान्यांचा एक करा.

कोरंपान
झोटेरो +१. पीएमआयडीने नोंदी घ्या, हाताने भरू नका.

अवांतर : 'व्हॅन्कुव्हर' ही एकच पद्धत आहे असं धरून सगळे बोलतात, त्यातूनच घोळ होतो. १९७८ साली संपादकांचा एक छोटा गट व्हॅन्कुव्हरला भेटला, तिथून हे नाव आलं. पण प्रत्येक जर्नल त्यात आपापले बदल करतं. एएमए (अमेरिकन मेडिकल असोसिएशन) पद्धतीत सहाहून जास्त लेखक असतील तर पहिले तीनच देतात, आणि पानं २८४-२८७ अशी पूर्ण लिहितात. व्हॅन्कुव्हरच्या नमुन्यांत २८४-७.

टाचणी
पानांवरून लेख परत येत नाही हो. संक्षिप्त नावांवरून मात्र संपादक नक्की टोकतात.

कोरंपान
परत येत नाही, पण प्रूफाच्या वेळी पन्नास शंका येतात आणि प्रत्येकीचं उत्तर द्यावं लागतं. एकदा नीट केलेलं काय वाईट? नोंदीचं शेपूट असं दिसायला हवं :

२०२१;३४७(४):२८४-७.

वर्षानंतर अर्धविराम, जागा न सोडता खंड, कंसात अंक, अपूर्णविराम, पानं, शेवटी पूर्णविराम. लेखकाचं आडनाव, मग आद्याक्षरं, आणि आद्याक्षरांत टिंब नाही. जर्नलच्या संक्षिप्त नावातही टिंबं नसतात. नाव एकाच शब्दाचं असेल, जसं लॅन्सेट, तर ते तोडायचं नाही. खंडभर पानांचे आकडे सलग चालत असतील तर महिना आणि अंक गाळले तरी चालतात, पण गाळायचे तर सगळीकडे गाळा.

घाईतला
एवढं कशाला? पबमेडवर प्रत्येक लेखाशेजारी 'साइट' बटण आहे. तिथून उचला, चिकटवा, झालं. ५८ म्हणजे दोन तासांचं काम.

तळटीप
त्यातला एनएलएम (पबमेड चालवणारं अमेरिकेचं राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय) पर्याय निवडला तर सगळेच्या सगळे लेखक येतात, शिवाय ऑनलाइन प्रकाशनाची तारीख, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक), पीएमआयडी. एएमए निवडला तर सहाच्या वर तीनच. धागाकर्तीची सहाची अट दोन्हींत बसत नाही. आणि चिकटवलेल्या मजकुराचे आकडे आपोआप बदलत नाहीत, मूळ दुखणं तेच आहे.

शाईपेन
हल्ली काही जण चॅटबॉटला सूची करायला सांगतात. कृपा करून करू नका. लेखक खरे, जर्नल खरं, पण तो लेखच अस्तित्वात नाही, असे संदर्भ निघतात. प्रत्येक पीएमआयडी उघडून शीर्षक आणि वर्ष पडताळा. तो नसेल तर क्रॉसरेफ या डीओआय नोंदवणाऱ्या संस्थेच्या साध्या मजकूर-शोधात पूर्ण सूची चिकटवा, जुळणारे डीओआय मिळतात. जो जुळत नाही तो स्वतः शोधून वाचा.

मागे घेतलेले लेखही पाहा. झोटेरो अशा नोंदीवर लाल इशारा दाखवतो, पण शेवटची नजर पाठवायच्या दिवशी पबमेडवर टाका. प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधी ऑनलाइन टाकलेला लेख) असेल तर तसं स्पष्ट लिहा, आणि तोच लेख नंतर जर्नलमध्ये छापला असेल तर छापलेला द्या. खासगी पत्रव्यवहार सूचीत घालायचा नाही. मजकुरात कंसात नाव आणि तारीख द्यायची, आणि त्या व्यक्तीची लेखी परवानगी घ्यायची.

टाचणी
हे सगळं एंडनोटमध्येही होतं. विद्यार्थ्यांना सवलत असते, बघा.

रेघोटी
झोटेरोच. पण गूगल डॉक्सवाल्या सहलेखकाला थांबवा. वर्डची फाईल तिथे उघडून बदलली की संदर्भांचे झोटेरोशी असलेले दुवे तुटतात आणि आकडे साधा मजकूर होऊन बसतात. परत जोडायचे म्हणजे एकेक हाताने. सूचीत थेट टंकून दुरुस्ती करणाऱ्यालाही सांगा, पुढच्या रिफ्रेशला (झोटेरो सूची पुन्हा तयार करतो तेव्हा) ती पुसली जाते. दुरुस्ती मूळ नोंदीत करायची.

आणि जर्नलच्या सूचना पुन्हा वाचा. बरीच जर्नलं पहिल्या सादरीकरणाला कुठलीही पद्धत चालवून घेतात, फक्त ती पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच हवी.

निळीशाई
सगळ्यांचे आभार. आमच्या जर्नलला पहिल्यापासूनच ठरलेली पद्धत हवी आहे, सूचना पुन्हा पाहिल्या.

सहलेखकांना गूगल डॉक्स सोडायला लावणं पाच दिवसांत जमणार नाही. म्हणून तूर्त कुठलंही साधन फाईलमध्ये घालत नाही. मजकुरात आकड्याऐवजी चौकोनी कंसात पीएमआयडी लिहितो आहोत. पुस्तकं आणि मार्गदर्शक तत्त्वांना छोट्या खुणा, जसं [पुस्तक-२]. परिच्छेद कुठेही हलला तरी खूण सोबत जाते. चौथ्या दिवशी फाईल बंद, मग मी एकटी झोटेरोने ५८ जागा भरणार.

टाचणी
शेवटच्या दिवसावर एवढं काम टाकू नका. एक खूण सुटली तर पुढचे आकडे चुकतील.

निळीशाई
भरून झाल्यावर उघडणाऱ्या कंसाचं चिन्ह शोधत पूर्ण फाईल एकदा चाळणार. पीएमआयडी राहिला असेल तर लांबीवरूनच ओळखू येतो, आमचे सगळे आठ आकडी आहेत.

तळटीप
चालेल. नोंदी मात्र आजच झोटेरोत घेऊन तपासून ठेवा, म्हणजे चौथ्या दिवशी फक्त घालायचं उरेल. घालताना वर्डमधली बदलांची नोंद (ट्रॅक चेंजेस) बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक रिफ्रेशला जुने आकडे खोडलेले दिसत राहतात.

तक्त्यांकडे लक्ष द्या. जो संदर्भ फक्त तक्त्यात आहे, त्याचा क्रमांक मजकुरात त्या तक्त्याचा पहिला उल्लेख जिथे येतो तिथल्या क्रमाने लागतो. तक्ते फाईलच्या शेवटी असतील तर झोटेरो त्यांना शेवटचे आकडे देईल. तक्ते तात्पुरते त्या उल्लेखाच्या खाली आणा, आकडे ठरू द्या, दुवे तोडा, मग परत शेवटी न्या. दुवे तोडायला झोटेरोचंच बटण वापरा, तेही फाईलच्या प्रतीवर. कंट्रोल-शिफ्ट-एफ९ दाबलंत तर निवडलेल्या भागातले वर्डचे बाकीचे दुवेही तुटतात, आकृती आणि तक्त्यांचे क्रमांकसुद्धा.

निळीशाई
तक्त्यांचं लक्षातच आलं नव्हतं. तक्ता ३ मध्ये असे सहा संदर्भ आहेत. आजच वर घेते.