शिकागोचे मेक्सिकन व्हेनेझुएलनांवर चिडले, त्यात वावगं काय?

लेकसाइड_लेले

इकडच्या मराठी घोळक्यांत एक वाक्य गेली दोन-तीन वर्षं ठरलेलं आहे. "बघा, हे मेक्सिकन स्वतः कागदांशिवाय आले आणि आता व्हेनेझुएलनांना परत पाठवा म्हणतात!" मग सगळे हसतात, कुणीतरी समोसे फिरवतं, विषय संपतो. मला ते हसणं पटत नाही, म्हणून हा धागा.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात. ३१ ऑगस्ट २०२२ पासून टेक्ससचे गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट यांनी सीमा ओलांडून आलेल्या लोकांना बसमध्ये बसवून शिकागोला धाडायला सुरुवात केली. तुम्ही स्थलांतरितांचे कैवारी ना, मग घ्या सांभाळायला, असा हिशेब. पुढच्या दोनेक वर्षांत पन्नास हजारांवर माणसं आली, बहुतेक व्हेनेझुएलाची. निवारे भरले तेव्हा कुटुंबंच्या कुटुंबं पोलीस ठाण्यांच्या लॉबीत राहायला लागली. काउंटरवर कुणीतरी गाडी चोरीला गेल्याची तक्रार नोंदवतंय आणि मागे फरशीवर चादरी अंथरून लेकरं निजली आहेत, हे २०२३ मध्ये इथे रोजचं झालं होतं.

मेक्सिकन मात्र इथे शंभर वर्षं आहेत. रेल्वे, पोलादाचे कारखाने, मांसाचे कारखाने, सगळीकडे राबलेले. शहरात साधारण तीस टक्के लोक लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी मुळांचे, आणि त्यातले बहुसंख्य मेक्सिकन. २६व्या रस्त्यावर स्वागताची मोठी कमान आहे, तिथून पुढे लिटल व्हिलेज. सकाळी सहाला कोपऱ्याकोपऱ्यावर तमालेच्या (मक्याच्या पिठाचा वाफवलेला पदार्थ) बादल्या घेऊन बायका उभ्या असतात. त्यातल्या कित्येकींकडे वीस-पंचवीस वर्षांनंतरही कामाचा परवाना नाही.

आता मुद्दा. २० सप्टेंबर २०२३ ला बायडेन सरकारने जाहीर केलं की ३१ जुलै २०२३ पर्यंत देशात पोचलेल्या व्हेनेझुएलनांना टीपीएस, म्हणजे तात्पुरतं संरक्षण मिळेल आणि त्याच्या जोडीला कामाचा परवाना. सुमारे ४ लाख ७२ हजार माणसं नव्याने पात्र ठरली. तमालेवालीला काय मिळालं? काही नाही. शेवटची मोठी माफी रेगन यांनी १९८६ मध्ये दिली, तीही १ जानेवारी १९८२ च्या आधीपासून राहणाऱ्यांना आणि काही शेतमजुरांना. वर १९९६ च्या कायद्याने अशी तरतूद केली की वर्षभराहून जास्त बेकायदा राहिलेला माणूस एकदा बाहेर गेला की दहा वर्षं परतीची बंदी. आई वारली तरी गावी जाता येत नाही, हे त्यातून आलेलं.

वीस वर्षं कर भरणाऱ्याने दोन महिन्यांपूर्वी आलेल्याच्या हातात परवाना बघितला आणि तो चिडला. यात ढोंग कुठलं? मला हा राग शंभर टक्के रास्त वाटतो.

गिरणगावचा

विरार लोकल. दादरला लाथाबुक्क्या खाऊन आत शिरलेला माणूस अंधेरीला दारात आडवा उभा राहतो. झालं तुमचं शिकागो.

खडूस

लोकलचा दाखला प्रत्येक धाग्यावर यायलाच हवा का? असो. पण लेले, तुमच्यापेक्षा गिरणगावचा बरोबर आहे.

राग कागदाचा होता तर तो वॉशिंग्टनवर निघायला हवा होता. वॉर्डांच्या सभांत काय बोललं गेलं ते तुम्हीही ऐकलं असणार: हे लोक आळशी आहेत, सगळं फुकट मागतात, रस्त्यात दारू पितात, यांच्यामुळे आपली बदनामी होते. यात टीपीएस कुठे आलं? ही तीच वाक्यं आहेत जी गोऱ्यांनी मेक्सिकनांना ऐकवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रायटन पार्कात तंबूंची छावणी होणार म्हणून निदर्शनं झाली आणि तिथल्या नगरसेविका हूलिया रामिरेझ यांना जमावाने मारहाण केली. त्या स्वतः लॅटिना. पुढे जमिनीत विषारी द्रव्यं सापडली म्हणून राज्य सरकारनेच छावणी रद्द केली, ते वेगळं.

तुम्ही रागाला कायद्याचा सदरा घालताय. आत साधा मत्सर आहे. मत्सर मानवी आहे हे मान्य, पण त्याला "रास्त" म्हणू नका.

लेकसाइड_लेले

@खडूस, ब्रायटन पार्कच्या त्या गर्दीत चिनी रहिवासी फार मोठ्या संख्येने होते. तो प्रसंग मेक्सिकनांच्या खात्यावर टाकणं सोयीचं आहे, बरोबर नाही.

आणि राग वॉशिंग्टनवर निघालाच नाही, हे कुणी सांगितलं? "कामाचा परवाना सगळ्यांना" या मागणीचे मोर्चे त्याच काळात शिकागोत निघाले. "त्यांचा काढून घ्या" अशी ती मागणी नव्हती, "आम्हालाही द्या" अशी होती. टीव्हीवर मात्र सभेत ओरडणारा माणूस दिसला, कारण ओरडणारा माणूस चांगला दिसतो.

नेपरव्हिलकर

कुणीच न बोललेलं बोलतो. रांग नावाची काही गोष्ट असते. माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेत नंबर लागल्याची तारीख, २०१६ ची आहे. एच-वन वर आलो, एकही दिवस बेकायदा राहिलो नाही, नोकरी गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा. माझी मुलगी इथेच वाढली, पण तिचा जन्म पुण्याचा, त्यामुळे एकवीस पूर्ण झाली की तिचा व्हिसा वेगळा. आमच्यासाठी मोर्चा कुणी काढला? मला दोन्ही गटांबद्दल सहानुभूती वाटत नाही, आणि यात लाज वाटण्यासारखं काही आहे असंही वाटत नाही.

मृण्मयी_के

नेपरव्हिलकर, मुलीच्या व्हिसाची चिंता खरी आहे, त्यावर वाद नाही. पण तुमच्याकडे निदान रांग आहे. मेक्सिकोतल्या मिचोआकानहून आलेल्या, फार न शिकलेल्या भांडीवाल्यासाठी अमेरिकेत रांगच नाही. अशा कामगारांसाठी ग्रीन कार्डाचे दरवर्षी देशभरात मिळून दहा हजारसुद्धा नसतात. "रांगेत या" म्हणायला सोपं आहे, खिडकी कुठे आहे ते दाखवा.

आता लेले आणि खडूस या दोघांशीही वाद. तुम्ही "लॅटिनो" ही एक बिरादरी असल्यासारखं धरून चाललात आणि मग ती फुटली म्हणून एकाला राग आला, दुसऱ्याला गंमत वाटली. शिकागोत ती आपोआप कधीच एक नव्हती. ज्या ज्या वेळी एक झाली, त्या त्या वेळी कुणीतरी खपून केली.

प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटावरच्या लोकांचंच घ्या. १९१७ पासून ते जन्माने अमेरिकन नागरिक. पकडून परत पाठवण्याची भीतीच नाही. मेक्सिकनांच्या तोंडी त्यांच्याबद्दल काय असायचं? कागद आहेत तरी सरकारी मदतीवर जगतात. आणि त्यांच्या तोंडी मेक्सिकनांबद्दल? मान खाली घालून मिळेल त्या पगारात राबतात, म्हणून सगळ्यांचाच भाव पडतो. एकमेकांना नावं ठेवायला व्हेनेझुएलन येण्याची वाट कुणी बघितली नव्हती.

दोघांना शहराने मात्र सारखंच हुसकावलं. साठच्या दशकात इलिनॉय विद्यापीठाचा नवा परिसर बांधताना निअर वेस्ट साइडची मेक्सिकन वस्ती उठवली, ती पिल्सनला गेली. लिंकन पार्कातून प्वेर्तो रिकन उठले, ते हम्बोल्ट पार्ककडे सरकले. १९६६ च्या जूनमध्ये डिव्हिजन स्ट्रीटवर पोलिसाने एका प्वेर्तो रिकन तरुणाला गोळी घातली आणि काही दिवस दंगल पेटली. आज त्याच रस्त्यावर एकोणसाठ फूट उंचीचे दोन पोलादी झेंडे रस्त्यावरून आडवे उभे आहेत.

आणि आता माझा लाडका नमुना. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेचा, चौथा मतदारसंघ आखला तो नकाशावर थंडीत दोन्ही कानांवर घालायच्या कानपट्ट्यांसारखा दिसायचा. वर प्वेर्तो रिकन वस्ती, खाली मेक्सिकन वस्ती, आणि दोघांना जोडणारी पश्चिमेकडची हायवेच्या कडेची चिंचोळी पट्टी, जिथे जवळपास कुणी राहतच नव्हतं. मधल्या काळ्या वस्तीचा मतदारसंघ न मोडता एक लॅटिनो जागा काढायची तर दुसरा मार्ग नव्हता. तिथून लुईस गुतिएरेझ १९९३ ते २०१९ खासदार होते. स्वतः प्वेर्तो रिकन, नागरिकत्वाचा प्रश्नच नाही, तरी सगळी हयात मेक्सिकनांच्या कागदांसाठी भांडण्यात गेली. मतांसाठी? असेल. मला त्यात काही वाईट दिसत नाही.

२००६ मध्ये एल्विरा आरेयानो या मेक्सिकन बाईला देश सोडायचा हुकूम निघाला. ती लहान मुलाला घेऊन कुठे लपली? लपली नाहीच, उघडपणे हम्बोल्ट पार्कातल्या चर्चमध्ये जाऊन राहिली, प्वेर्तो रिकन वस्तीच्या मधोमध, वर्षभर. शेजाऱ्यांनी तिला सांभाळलं. पुढे २००७ मध्ये लॉस एंजेलिसला गेली तेव्हा पकडली गेली. तेव्हा मत्सर नव्हता का? होता. तरीही कुणीतरी दार उघडलं.

साउथ_लूप

चर्चा छान, पण काळ्या वस्त्यांचा राग कुणीच मोजत नाही. वुडलॉनमधली वॉड्सवर्थ शाळा २०१३ मध्ये शहराने पैसे नाहीत, मुलं नाहीत म्हणत बंद केली. शेजारपाजारचे लोक दहा वर्षं ओरडत होते की इमारत आम्हाला काहीतरी उपयोगाला द्या. २०२३ मध्ये तिथे निवारा उघडला. त्याच वर्षी मे महिन्यात नगरपरिषदेने निवाऱ्यांसाठी ५ कोटी १० लाख डॉलर मंजूर केले, तेव्हा सभागृहात जी आरडाओरड झाली ती ऐकण्यासारखी होती. त्यांना तर लेल्यांचा "कागदाचा" युक्तिवादही लागू नाही.

बर्विनची_वैशाली

मी शहरातल्या एका शाळेत सहायक शिक्षिका आहे, म्हणून जे रोज दिसतं तेवढंच लिहिते. आमच्याकडे बहुतेक मुलं मेक्सिकन घरांतली. २०२३ च्या हिवाळ्यात व्हेनेझुएलन मुलं आली. जानेवारी, बाहेर उणे पंधरा, आणि माराकाइबोचा पोरगा कापडी बुटांत. हातमोजे घालताना दोन बोटं एकाच बोटात घालून बसायचा. पालकांच्या गटातल्या एका मेक्सिकन आईने आपल्या तिन्ही मुलांचे जुने कोट धुऊन, ज्याची चेन तुटली होती ती बदलून आणून दिले. प्रत्येक कोटाच्या खिशात एक टोपी.

हीच बाई पुढच्या महिन्याच्या पालक सभेत उठून म्हणाली की यांना घरभाडं मिळतं, माझ्या नवऱ्याने अठरा वर्षांत एक डॉलर घेतला नाही, हा न्याय नाही.

खडूस म्हणतात मत्सर, लेले म्हणतात रास्त राग. मला ती बाई कुठल्या खान्यात टाकायची ते सांगा.

खडूस

वैशालीताई, कोट देणं हा तिचा चांगुलपणा, सभेतलं बोलणं हा तिचा मत्सर. एकाच माणसात दोन्ही असतात, त्यात अवघड काय आहे? माझा आक्षेप एवढाच की या मत्सराची किंमत मतपेटीत मोजली गेली. २०२४ मध्ये शिकागोच्या लॅटिनो वॉर्डांतही ट्रम्प यांची मतं वाढली. नागरिक झालेली मुलं, भाचे, पुतणे यांनी दिली. "ते नव्या गुन्हेगारांना काढतील, आपल्या काकाला हात लावणार नाहीत" असं समजून.

मग काय झालं? २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने व्हेनेझुएलनांचं टीपीएस काढायला वाट मोकळी करून दिली. सप्टेंबरमध्ये 'मिडवे ब्लिट्झ' नावाची धरपकड शिकागोत सुरू झाली आणि पथकं हिंडायला लागली ती थेट लिटल व्हिलेजमध्ये. काकाला हात लागला.

लेकसाइड_लेले

वा! म्हणजे जिला मतदानाचा हक्कच नाही त्या तमालेवालीला पुतण्याच्या मताची शिक्षा झाली, आणि तुम्हाला यात काव्यगत न्याय दिसतो. खडूस हे नाव सार्थ आहे तुमचं.

शिवाय अर्धीच गोष्ट सांगताय. गेल्या शरदात २६व्या रस्त्यावर काय चाललं होतं? गळ्यात शिट्ट्या. दुकानात गल्ल्याशेजारी शिट्ट्यांचा डबा, फुकट. काळ्या काचांची गाडी दिसली की पहिली शिट्टी, मग पुढच्या कोपऱ्यावरून दुसरी, आणि दुकानांची दारं आतून बंद. सायकलवरून येणारी पोरं हातगाडीवाल्यांचा सगळा माल सकाळीच विकत घेऊन त्यांना घरी पाठवायची. शिट्टी वाजवणारा आधी विचारत नव्हता की गाडी मेक्सिकनासाठी आली आहे की व्हेनेझुएलनासाठी.

मृण्मयी_के

लेले, हे मात्र माझ्याच बाजूचं झालं. बाहेरून दांडकं आलं की एकी होते. १० मार्च २००६ ला अशीच झाली होती, कागद नसणं हाच मोठा गुन्हा ठरवणाऱ्या विधेयकाविरुद्ध शिकागोच्या रस्त्यांवर लाखभर माणसं उतरली होती. त्यानंतर? कायदा झाला नाही, माफीही झाली नाही, आणि जो तो आपापल्या वस्तीत परतला. दांडकं गेल्यावर काय उरतं ते बघायचं.

नेपरव्हिलकर

मी अजूनही रांगेतच आहे, एवढं नोंदवून ठेवतो. आणि गेल्या ऑक्टोबरपासून पासपोर्टची प्रत पाकिटात घेऊन फिरतो. माझा रंग बघून कोण विचारणार आहे मी कुठला.

खडूस

नेपरव्हिलकर, तुमच्या तोंडून हे ऐकून बरं वाटलं, म्हणजे वाईट वाटलं.

लेले, शिट्ट्या मान्य. पण शिट्टी वाजवणं वेगळं आणि घर भाड्याने देणं, स्वतः मुकादम असताना नव्यांना कामावर घेणं, पूर्ण मजुरी देणं वेगळं. घरदुरुस्तीच्या दुकानांबाहेर पहाटे रोजंदारीसाठी उभं राहणाऱ्यांत नव्याला कमी पैशांत कोण नेतं? बऱ्याचदा जुनाच, पिकअप ट्रकवाला. त्याच्या गळ्यातही शिट्टी असेल. फेब्रुवारी २०२७ ला महापौरपदाची निवडणूक आहे, निवाऱ्यांचा खर्च पुन्हा निघणारच. तेव्हा हा धागा वर काढा.

गिरणगावचा

काढतो. तोवर तमाले कुठे चांगले मिळतात ते कुणीतरी लिहा, भाचा मे महिन्यात शिकागोला चाललाय.

बर्विनची_वैशाली

@गिरणगावचा, २६वा रस्ता, सकाळी सातच्या आत. हिरव्या चटणीचे मागा. आणि भाच्याला म्हणावं सुटे पैसे ने, कार्ड चालत नाही.