पाचचा अलार्म जमत नाही, अंगातल्या ताकदीप्रमाणे दिवस लावता येतो का?

इंदिरानगरकर_ताई
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते. मी घरून अकाउंट्सचं काम करते, दोन क्लायंट मुंबईचे आणि एक इथलाच, नाशिकमधल्या अंबडचा. वय 36. गेल्या चार वर्षांत पहाटे पाचला उठायचा प्रयत्न निदान सहा वेळा तरी केलाय. पहिले आठ-दहा दिवस मस्त जमतं, जॉगिंग ट्रॅकवर जाते, प्राणायाम करते, मग महिनाअखेरचं काम अंगावर येतं नाहीतर मुलाला ताप येतो, दोन दिवस खंड पडला की सगळंच सुटतं आणि पुढचे तीन महिने काहीच होत नाही.

खरं सांगू का, माझं डोकं सगळ्यात चांगलं चालतं ते सकाळी साडेदहा ते एक आणि मग रात्री नऊनंतर. जीएसटीचं जे किचकट काम रात्री दीड तासात हातावेगळं होतं तेच सकाळी सहाला घेऊन बसले तर अडीच तास जातात आणि चुका होतात त्या वेगळ्याच. दुपारी तीनला तर डोळे उघडे ठेवणं अवघड.

लहानपणापासून 'लवकर निजे लवकर उठे' ऐकत आलो आपण सगळे. आमच्या सासूबाई साडेचारला उठतात, त्या मला एका शब्दाने बोलत नाहीत, पण त्यांचं अंगण झाडून होतं तेव्हा मी झोपलेली असते हे मनाला लागून राहतं. तर प्रश्न असा की ताकद असेल त्या दिवशी जास्त, नसेल त्या दिवशी थोडं, पण सवय तुटणार नाही असं काही कुणी करून बघितलंय का? की हे आळसाला दिलेलं नुसतं नाव आहे?

सातपूर_थर्डशिफ्ट
ताई आळस नाही हो. मी 14 वर्षं सातपूर एमआयडीसीत आहे, दर आठवड्याला शिफ्ट बदलते, फर्स्ट, सेकंड, नाईट. तुम्हीच सांगा मी कुठला पाचचा अलार्म लावू? नाईटच्या आठवड्यात पाचला मी मशीनवर असतो.

आधी मीपण घड्याळाच्या मागे लागलो आणि सगळं सुटत गेलं, वजन वाढलं, चिडचिड वाढली, पोरगी जवळ यायला घाबरायची. मग घड्याळ सोडलं आणि सवय कामाला बांधली. म्हणजे झोपेतून उठलो, मग ते सकाळी 5 असो नाहीतर दुपारी 2, की तोंड धुवायचं, दोन तांबे पाणी आणि लगेच चपला घालून बाहेर. कामावरून आलो की डबा घासायचा आणि डबा जाळीवर पालथा घातला की तिथेच ओट्याला धरून वीस बैठका. डबा तर रोज घासावाच लागतो, त्यामुळे बैठका आठवाव्या लागत नाहीत.

आणि तुमचा तो जास्त-थोड्याचा प्रश्न, त्याचं उत्तर माझ्याकडे असं आहे की कमीत कमी किती ते आधीच ठरवून ठेवायचं. फर्स्टचा आठवडा असेल तर मी गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर जाऊन चार चकरा मारतो, नाईटला कॉलनीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत, सात मिनिटं. सात मिनिटं म्हणजे चाललोच, ती मोजायची, त्याला खाडा म्हणायचं नाही. मला तीन वर्षं लागली हे पटायला.

निफाड_बागायतदार
वर सातपूरच्या दादांनी बरोबर सांगितलं. आमच्याकडं द्राक्षबाग आहे, आमचा दिवस घड्याळ ठरवतच नाही, बाग ठरवते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर डावणीची, म्हणजे बुरशीच्या रोगाची, भीती असते, ढगाळ वातावरण झालं की फवारणीचा ट्रॅक्टर कधी बाहेर काढावा लागेल सांगता येत नाही. थंडीत पारा चार-पाचवर आला की रात्री बागेत शेकोट्या पेटवून जागायचं. लाईट रात्रीची असली तर मोटर चालू करायला रात्रीच उठायचं. त्यात कसली आली पाचची शिस्त.

पण एक सांगतो. माल उतरला की बागेला आम्ही लगेच छाटत नाही, पंधरा-वीस दिवस तिला आराम देतो, मगच एप्रिलची खरड छाटणी. झाडाने घड लावायला सगळी ताकद घातलेली असते, ती परत खोडात-मुळ्यात साठू द्यावी लागते, घाई केली तर फूट मागंपुढं निघते आणि पुढच्या वर्षीच्या घडांवर परिणाम होतो. हे मला बागेबद्दल वीस वर्षं ठाऊक होतं पण स्वतःच्या अंगाला कधी लावलं नाही, सीझन संपला की दुसऱ्या दिवसापासून लग्नसराई, बँक, मार्केट. दोन वर्षांपूर्वी पाठ धरली तेव्हा कळलं. आता मालाची शेवटची गाडी गेली की दहा दिवस मी दुपारी झोपतो आणि कुणी काही म्हटलं तरी ऐकत नाही. ताई तुमचा महिनाअखेर म्हणजे आमची काढणीच की. त्यानंतरचे दोन दिवस हलके ठेवा, त्या दिवसांत नवीन काही सुरू करू नका.

जीवशास्त्र_शिकवते
मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, यामागचं थोडं शास्त्र सांगते कारण ताईंच्या मनातला अपराधीपणा त्याने कमी होईल असं मनापासून वाटतं.

आपल्या मेंदूच्या तळाशी पेशींचा एक बारकासा पुंजका असतो, शरीराचं मुख्य घड्याळ ते. पेशींमधलं हे घड्याळ चालतं कसं ते फळमाशीवर काम करून शोधणाऱ्या हॉल, रोसबॅश आणि यंग या तिघांना 2017 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. माणसाचं हे घड्याळ सरासरी 24 तासांपेक्षा किंचित जास्त लांबीचं असतं आणि डोळ्यांत जाणारा उजेड ते रोज जुळवून घेतो. कुणाचं घड्याळ पुढे, कुणाचं मागे, यात जनुकांचा वाटा असतो आणि वयाचाही. पंधरा-अठराची मुलं आपोआप उशिराकडे सरकतात, साठीनंतर माणूस लवकर उठायला लागतो. तुमच्या सासूबाई साडेचारला उठतात त्यात वयाचाही भाग असणार, आणि तुम्ही 36 च्या आहात. दुपारी तीनची मरगळसुद्धा नुसती जेवणामुळे येत नाही, या घड्याळातच तिथे एक उतार आहे, म्हणून त्या वेळी जीएसटी न धरता बिलं लावणं, फोन करणं असलं काम ठेवा.

पण 'माझी प्रकृतीच रात्रीची' म्हणून दीड-दोनपर्यंत मोबाईल बघत बसलो तर ती प्रकृती नाही, तो स्क्रीनचा उजेड आहे. रात्री नऊला काम जरूर करा पण अकराला लॅपटॉप मिटा. संध्याकाळी सहाचा कडक चहा घेत असाल तर तोही बघा, कॅफीन घेतल्यावर पाचेक तासांनी त्यातलं साधारण निम्मं अंगात उरलेलं असतं. आणि उठल्यावर गॅलरीत किंवा अंगणात दहा-पंधरा मिनिटं उजेडात उभ्या राहा. जानेवारीत आपल्याकडे सात वाजले तरी सूर्य वर आलेला नसतो, त्या दिवसांत अंथरुणातून उठवत नसेल तर त्यात तुमचा काय दोष?

खंड पडण्याबद्दल, 2010 साली छापून आलेला लंडनचा एक अभ्यास आहे, 96 लोकांनी रोजच्या एखाद्या गोष्टीला, समजा नाश्त्याला, जोडून एक नवी सवय लावायची होती. ती अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, पण कुणाला 18 तर कुणाला 254, आणि मध्ये एखादा दिवस चुकल्याने विशेष फरक पडला नाही. तुम्ही दर वेळी दहाव्या दिवशी हरलात असं धरलंत, तिथेच घोळ झाला.

एक विनंती, पुरेशी झोप होऊनही रोज थकवा येत असेल तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी12 एकदा तपासून घ्या, आपण बायका हे फार पुढे ढकलतो.

पंचवटी_पासधारक
सगळं वाचलं, छान आहे, पण घरून काम करणाऱ्यालाच हे निवडता येतं असं मला वाटतं. मी नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस धरते, साडेचारला उठून दोन डबे, मुलीचं आवरणं. माझी ताकद कधी असते हे विचारायला वेळ कुणाला आहे? 2024 मध्ये सरकारने चौथीपर्यंतच्या शाळा नऊनंतर भरवायला सांगितल्या, मुलांची झोप होत नाही म्हणून, ऐकून बरं वाटलं. आयांच्या झोपेचं कोण बघणार?

तरी माझं सांगते. गाडीतला जाताना-येतानाचा वेळ तेवढा माझा. जाताना डोकं ताजं असतं म्हणून डिपार्टमेंटच्या परीक्षेचा अभ्यास, इगतपुरी गेलं की पुस्तक उघडायचं. येताना मी काहीही करत नाही, डोळे मिटून बसते, आधी तेव्हाही अभ्यास करायचे आणि घरी आल्यावर मुलीवर ओरडायचे. बाकीचा दिवस माझ्या हातात नाही, तो मी बदलायला जात नाही. मार्चमध्ये परीक्षा झाली, पास झाले.

इंदिरानगरकर_ताई
पासधारक ताई, अभिनंदन! आणि तुमचं म्हणणं खरं आहे, मला निवडता येतं हे माझं नशीब.

सगळ्यांचं वाचून अठरा दिवस करून बघितलं, ते सांगायला आले. उठायची वेळ साडेसहा केली, रविवारीसुद्धा तीच. उठलं की अंगणात तुळशीपाशी चहाचा कप घेऊन बसायचं, एवढीच पहिली सवय. ट्रॅक संध्याकाळी, कपडे वाळत घातलेले काढले की बूट घालायचे. 30 तारखेला आणि 1 ला ट्रॅक नाही, फक्त गल्लीत दोन चकरा, पण त्या मोजल्या. दुपारी तीनला वीस मिनिटं आडवी होते.

सासूबाईंना मी एवढे दिवस मनात ठेवलेलं सगळं बोलून टाकलं. त्या म्हणाल्या, "अगं, मला झोपच लागत नाही साडेचारनंतर, म्हणून झाडते." मी चार वर्षं उगाच कुढत होते. आता सकाळच्या चहाला आम्ही दोघी असतो तुळशीपाशी.

हिमोग्लोबिन 9.8 निघालंय, डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. मॅडम, तुमचे खरंच आभार.

सातपूरचे दादा, एक विचारायचं राहिलं, नाईटनंतर दिवसा झोपताना खोलीत अंधार कसा करता? माझा भाऊ अंबडला नाईटला लागलाय.

सातपूर_थर्डशिफ्ट
मेन रोडवरून जाड काळं अस्तराचं कापड आणलं आणि आहे त्याच पडद्यांना मागून शिवून घेतलं. पडदा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी वीतभर जास्त ठेवा, फटीतून येणारा उजेडच झोप मोडतो. आणि भावाला सांगा, सकाळी सुटल्यावर गाडीवर येताना ऊन डोळ्यात गेलं की झोप उडते, काळा गॉगल लावून यायचं आणि वाटेत टपरीवर चहाला थांबायचं नाही.