लेव्हिटाउनला नावं ठेवणं सोपं आहे

पाऊलवाट
अमेरिकेतल्या १९५० च्या दशकातल्या उपनगरांना नावं ठेवायची पद्धतच पडली आहे. एका छापाची घरं, गाडीशिवाय पान हलत नाही, वगैरे. मला हे अन्यायाचं वाटतं. दुसरं महायुद्ध संपून लाखो सैनिक परतले तेव्हा राहायला जागाच नव्हती. नवी जोडपी आईवडिलांकडे एका खोलीत, नाहीतर लष्कराच्या जुन्या पत्र्याच्या बराकीत दिवस काढत होती. १९४७ मध्ये विल्यम लेव्हिटच्या कंपनीने न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत घरं बांधायला घेतली, तेच लेव्हिटाउन. बांधकामाचे २७ टप्पे पाडले. प्रत्येक टोळी आपलं एकच काम उरकून पुढच्या घराकडे जायची. ऐन भरात दिवसाला ३० च्या वर घरं उभी राहत आणि १९५१ पर्यंत १७ हजारांवर झाली. १९४९ चं घर ७,९९० डॉलरला, कपडे धुण्याचं यंत्र त्यातच आलं. कर्जाला सरकारची हमी असल्यामुळे माजी सैनिकाला आधी रक्कम भरावी लागत नसे. भाड्याच्या खोल्या बदलत मोठा झालेला माणूस याची किंमत जाणतो. मी तसाच मोठा झालो.

सदाफुली
माजी सैनिक म्हणजे गोरा माजी सैनिक, एवढं लिहायचं राहिलं. सुरुवातीच्या करारात स्पष्ट अट होती: गोऱ्यांशिवाय कुणाला इथे राहू देणार नाही, घरगडी तेवढे चालतील. एकाच युद्धात लढून आलेल्या काळ्या सैनिकाला तिथे दार बंद. आणि हा एकट्या लेव्हिटचा हट्ट नव्हता. कर्जाची हमी देणारं सरकारी गृहनिर्माण खातंच अशा अटींची शिफारस करत होतं.

पाऊलवाट
अट लाजिरवाणी होती, मान्य. पण १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयांतून अमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं. दोष त्या काळाच्या मनाचा, घरांचा नव्हे.

सदाफुली
निकालाने काय झालं? १९५७ मध्ये लेव्हिटच्याच पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटाउनमध्ये मायर्स हे काळं कुटुंब राहायला आलं. घरासमोर जमाव जमला, दगड आले, खिडकीची काच फुटली. कुटुंबात लहान मुलं होती. हे मन कुणी जोपासलं, तेही विचारू या.

डोंगरवारा
मागे उरलेल्या शहरांबद्दल कुणीच बोलत नाही. डेट्रॉइट १९५० मध्ये साडेअठरा लाखांचं होतं, दहा वर्षांत १६ लाख ७० हजारांवर आलं. गोरे बाहेर पडत होते आणि त्याच काळात दक्षिणेतून काळी माणसं कामासाठी येत होती. १९५६ च्या कायद्याने ४१ हजार मैलांचे महामार्ग ठरले, ९० टक्के खर्च केंद्राचा. डेट्रॉइटची हेस्टिंग्ज स्ट्रीट म्हणजे काळ्यांची बाजारपेठ, तिथली दुकानं, तिथले संगीताचे अड्डे. ती सगळी महामार्गाखाली गेली. एकाचं घर सोयीचं व्हावं म्हणून दुसऱ्याचा बाजार उठला.

जर्सीकर
आम्ही न्यू जर्सीत जुनं घर घेतलं. कागदपत्रांत १९४० च्या दशकातल्या खरेदीखताची प्रत निघाली, त्यात हीच अट. सही करता करता मी आणि बायको थांबलो. त्या ओळीप्रमाणे आम्हीही आत आलो नसतो. घर देताना वंशावरून भेदभाव करायला बंदी घालणारा १९६८ चा कायदा झाला म्हणून मराठी माणसाला इथे घर मिळतं. पाऊलवाट, तुमचं म्हणणं मला पटतं, कारण या घराने आम्हाला खरंच सुख दिलं. पण दोष फक्त मनाचा नव्हता. तो कागदावर होता, शिक्क्यासकट. मुलगी १२ वर्षांची झाली तेव्हा ते पान मी तिच्या हातात दिलं.