शब्दचर्चा : 'हार्ट रेट व्हेरिएबिलिटी'ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरवाली : आयसीयूतल्या पेशंटच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. मूळ वाक्याचा आशय असा : पेशंटची हार्ट रेट व्हेरिएबिलिटी (एचआरव्ही, म्हणजे हृदयाच्या लागोपाठच्या ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं ते) घटत गेली तर ते काळजीचं लक्षण असू शकतं. डोळ्यांपुढे तीन शब्द आहेत : अनियमितता, परिवर्तनशीलता, चलनशीलता. कोणता घेऊ?

रात्रपाळी : ताई, 'अनियमितता' अजिबात नको. ठोके अनियमित आहेत हे आम्ही एट्रियल फिब्रिलेशनसारख्या दुखण्याबद्दल सांगतो. 'अनियमितता घटली' असं छापलंत तर घरचे पेढे आणतील, आणि इकडे पेशंट खालावत असेल.

समजा, दोन पेशंट शेजारी शेजारी आहेत. दोघांच्याही मॉनिटरवर मिनिटाला ७५ ठोके दिसतायत. पहिल्याच्या लागोपाठच्या ठोक्यांमधली अंतरं ७६०, ८४०, ७९०, ८१० मिलिसेकंद. दुसऱ्याची ७९९, ८०१, ८००, ८००. सरासरी दोघांची तीच, ८००. लांबून बघणाऱ्याला दुसरा जास्त 'स्टेबल' वाटेल. पण निरोगी माणसात श्वास घेताना ठोके जरा जवळ येतात, सोडताना लांबतात. मेंदूकडून व्हेगस नर्व्हमार्गे हृदयाला सतत सूचना येत असतात, त्याचा हा परिणाम. सेप्सिससारख्या (जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या बेलगाम प्रतिसादाच्या) गंभीर आजारात हे नियंत्रण ढिलं पडतं आणि ठोके एकसुरी होतात. ब्रेन डेथमध्ये तर हा फरक जवळजवळ नाहीसाच होतो.

संख्याशास्त्री : माझा आक्षेप 'हार्ट रेट', म्हणजे 'हृदयगती', या शब्दालाच आहे. मोजतात ती गती नव्हे, दोन ठोक्यांमधलं अंतर. एसडीएनएन हा यातला नेहमीचा आकडा म्हणजे त्या अंतरांचं प्रमाण विचलन, शाळेत शिकवतात तेच. युरोपीय आणि उत्तर अमेरिकी हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी १९९६ मध्ये मोजणीचे नियम घालून दिले. त्याआधी १९८७ मध्ये क्लायगर आणि सहकाऱ्यांनी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या ८०८ जणांचं २४ तासांचं रेकॉर्डिंग तपासलं होतं. ज्यांचा एसडीएनएन ५० मिलिसेकंदांच्या खाली, त्यांना मृत्यूचा धोका १०० च्या वर असणाऱ्यांच्या ५.३ पट निघाला. 'चलनशीलता' वाचून मात्र हृदय जागचं हलतंय असं वाटतं, ती सोडा.

ठेकेदार : 'लयवैविध्य' कसं वाटतं? माणसाने वाजवलेला ठेका आणि इलेक्ट्रॉनिक तबल्याचा ठेका, फरक कानाला लगेच कळतो.

रात्रपाळी : उपमा झकास, शब्द नको. वैविध्य म्हटलं की खाद्यमहोत्सव आठवतो.

बालरोगवाला : आमच्या एनआयसीयूच्या (नवजात बाळांच्या आयसीयूच्या) विषयात या मोजणीचा सगळ्यात ठोस उपयोग झालाय, म्हणून लिहितो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जंतुसंसर्ग झाला की ताप येईलच असं नसतं, बाळ नुसतं मलूल पडतं. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या मूरमन आणि ग्रिफिन यांच्या गटाला दिसलं की लक्षणं उघड होण्याआधीच ठोक्यांमधला फरक कमी होतो आणि मधूनच ठोके थोडा वेळ मंदावतात. यावरून त्यांनी एक निर्देशांक बनवला. २०११ मध्ये त्याच्या चाचणीचे निष्कर्ष आले : नऊ एनआयसीयू, जन्मवजन दीड किलोपेक्षा कमी असलेली ३००३ बाळं. निम्म्यांचा निर्देशांक डॉक्टरांना दाखवला, निम्म्यांचा झाकून ठेवला. झाकलेल्या गटात मृत्यू १०.२ टक्के, दाखवलेल्यात ८.१. बाळाला कोणतं औषध द्यायचं हे मशीन सांगत नव्हतं. डॉक्टर एवढंच करत की लवकर जाऊन बघत.

भाषांतरवाली : मग मोठ्यांच्या आयसीयूत प्रत्येक मॉनिटरवर हा आकडा का नसतो?

रात्रपाळी : कारण त्यात भेसळ फार. गुंगीची औषधं, ठोके मंदावणारे बीटा-ब्लॉकर, रक्तदाब वाढवणारं नॉरअ‍ॅड्रिनलिन, सगळ्यांनी तो बदलतो. व्हेंटिलेटरवर श्वासाची चाल मशीन ठरवतं. पेसमेकर हृदयाला चालवत असेल किंवा एट्रियल फिब्रिलेशन असेल तर हा आकडा बघूच नये. वय, मधुमेह यांनीही तो मुळात कमी असतो. म्हणून एका वेळचा आकडा घेऊन घाबरायचं नाही, त्याच पेशंटचा कालपासूनचा कल बघायचा. पत्रकात हे वाक्य नसेल तर घाला. नाहीतर लोक हातातल्या स्मार्टवॉचवरचा आकडा घेऊन आमच्याशी भांडायला येतील. येतातच.

संख्याशास्त्री : माझं मत : नातेवाइकांना 'ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार' लिहा. डॉक्टरांच्या मजकुरात 'स्पंदनांतर-परिवर्तनशीलता' चालेल, पण ते बोलताना 'एचआरव्ही'च म्हणणार.

भाषांतरवाली : 'ठोक्यांमधल्या अंतराचा चढउतार कमी होत गेला तर…' हे वाचता येतंय. हेच घेते, कंसात एचआरव्ही. मिलिसेकंदाला 'मि.से.' केलं तर चालेल?

रात्रपाळी : नको. पूर्ण लिहा. 'मि.' म्हणजे मिनिट समजणारे खूप आहेत.