मामा श्रीलंकेत आयपीकेएफमध्ये (भारतीय शांतिसेनेत) स्टाफवर होते, म्हणजे नेमकं काय करायचे?

प्रश्न (सातारकर_भाचा): माझे मामा ८७ साली जाफन्याला होते, ब्रिगेड हेडक्वार्टरमध्ये. घरात सगळे म्हणतात "तो काय, ऑफिसात बसून होता", आणि मामा स्वतः एक अक्षर बोलत नाहीत. युद्धात स्टाफवाल्याचं काम काय असतं, कुणी सांगेल का?

निवृत्त_डीक्यू: मी मामांच्या नाही, वेगळ्या ब्रिगेडमध्ये डीक्यू होतो, म्हणजे रसद आणि माणसांचा हिशोब ठेवणारा स्टाफ ऑफिसर, तेवढंच सांगतो. २९ जुलैला कोलंबोत भारत-श्रीलंका करार झाला आणि लगेच सिकंदराबादची ५४ डिव्हिजन निघाली, पलटणी पूर्ण भरलेल्याही नव्हत्या, कितीतरी जवान सुट्टीवर. आम्ही गेलो शांतिसेना म्हणून, तमिळ टायगर्सची (एलटीटीई) हत्यारं जमा करून घ्यायला, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्याशीच लढायचं, जाफना घ्यायचं ऑपरेशन पवन सुरू झालं तेव्हा धड नकाशे नाहीत. दिवसभर जाफन्याजवळच्या पलालीच्या धावपट्टीवर एएन-३२ मालवाहू विमानांमधून काय उतरलं, दारूगोळा किती, पाणी किती, परत जाताना जखमी किती, हाच हिशोब. पण खरं काम रात्रीचं. कॅज्युअल्टी लिस्ट, म्हणजे मेलेल्या-जखमींची यादी. एकाच पलटणीत चार-चार शिंदे, म्हणून नावावर जायचं नाही, आर्मी नंबर घ्यायचा. वायरलेस सेटवर खरखर, "फाइव्ह की नाइन?" हे मी एका नंबरसाठी सहा वेळा विचारलंय, पलीकडचा पोरगा शेवटी ओरडला माझ्यावर. चुकलो असतो तर जिवंत माणसाच्या घरी तार गेली असती हो.

महारचा_लेक: सगळं मान्य साहेब, पण जाफना युनिव्हर्सिटीचा प्लॅन पण कुठल्यातरी टेबलावरच झाला ना? ११ ऑक्टोबरच्या रात्री हेलिकॉप्टरमधून शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जण उतरवले, २९ गेले, एक पकडला गेला. खाली टायगर्स वाट बघत बसलेले. माझे वडील ८ महार पलटणीत, मेजर परमेश्वरन त्यांच्याच पलटणीचे, जन्म मुंबईचा, २५ नोव्हेंबरला छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून लढले, मरणोत्तर परमवीर चक्र. बाबांच्या तोंडी स्टाफवाल्यांबद्दल चांगला शब्द कधी ऐकला नाही.

निवृत्त_डीक्यू: बरोबर आहे तुमच्या वडिलांचं, त्या प्लॅनची वकिली मी करणार नाही. आमचं वायरलेसवरचं बोलणं टायगर्स ऐकत होते, आम्हाला फार उशिरा कळलं. अकराशेच्या वर माणसं गेली, आणि मार्च ९० ला शेवटची तुकडी मद्रासला उतरली तर मुख्यमंत्री स्वागतालासुद्धा आले नाहीत. मामा बोलत नाहीत यात मला तरी नवल वाटत नाही.

सातारकर_भाचा: सर, काल मामांना फक्त एवढंच विचारलं की यादी तुम्ही करायचा का. म्हणाले, "बाहत्तर तास झोपलो नव्हतो तेव्हा," आणि उठून गच्चीवर गेले. फोन नंबर घेताना ते प्रत्येक आकडा दोनदा म्हणून घेतात, आम्ही पोरं त्यावरून लहानपणापासून चिडवतोय त्यांना.