१८व्या शतकातला फ्रेंच फुलांचा जडाव संच: अस्सल कसा ओळखावा?

प्रश्न (फुलवेल): पंधराव्या लुईच्या काळातला म्हणून सांगितलेला संच तपासायचाय. फुलांच्या गुच्छाचं वक्षभूषण आणि प्रत्येकी तीन लोलकांचे जिरांदोल डूल. चांदीचं कोंदण, रंगीत खडे. १९व्या शतकात या शैलीच्या नकला खूप झाल्या, मग फरक कशावरून करायचा? दोनतीन खडे काळवंडलेत, ते धुवावेत का?

रत्नपैलू: धुऊ अजिबात नका! त्या काळचं कोंदण मागून बंद असतं आणि खड्यामागे डांक, म्हणजे चकचकीत पातळ पत्रा असतो. कडेतून पाणी शिरलं की तो गंजून काळा पडतो. तुमचे खडे बहुधा त्यामुळेच काळवंडलेत. अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी दागिने धुणारं यंत्र) आणि वाफ दोन्ही वर्ज्य. कोरडा मऊ ब्रश फिरवा, बस्स. डांक बदलणं जुन्या जडावाच्या जाणकाराचंच काम.

खड्याचा रंगही समोरून ठरवू नका, डांक रंगीत असेल तर फिका खडाही गडद दिसतो. खडे काचेचे निघाले म्हणून संच खोटा ठरत नाही. पॅरिसचे जॉर्ज फ्रेडरिक स्ट्रास १७३४ मध्ये राजाचे जवाहिरे झाले ते शिशाच्या काचेच्या हिऱ्यांवर. ही काच मऊ, त्यामुळे भिंगातून पैलूंच्या धारा बोथट दिसतात. खड्याच्या तळाशी मधोमध काळा ठिपका दिसला तर तो डाग समजू नका. हिऱ्याच्या कापलेल्या टोकाचा भास व्हावा म्हणून काचेवर तो मुद्दाम रंगवत.

कोंदणकार: मी आधी पाठ बघतो. पुढे चांदी आणि मागे सोन्याचा थर असेल तर १९व्या शतकाची शक्यता वाढते. वक्षभूषण तेव्हा बऱ्याचदा पोशाखावर शिवत, म्हणून मागे कड्या हव्यात. पिन असेल तर ती मागाहून जोडलेली असू शकते, तिची झाळ निराळी दिसते का पाहा. फूल बारीक स्प्रिंगवर डुलत असेल तर त्यावरून काळ ठरत नाही, ती युक्ती दोन्ही शतकांत होती. गरुडाच्या डोक्याचा छापही (सोन्याच्या शुद्धतेची फ्रेंच सरकारी खूण) फसवा: तो १८३८पासूनचा, पण जुना दागिना नंतर तपासणीला गेला तरी त्यावर उमटतो.

रत्नपैलू: डुलांचं राहिलंच. जिरांदोल जड, कान ओढतात, म्हणून बाजूचे लोलक पुढे काढून टाकत. तिन्ही शाबूत असतील तर कड्यांची झीज सारखी आहे का बघा. एकच कडी कोरी असेल तर तो लोलक बहुधा मागाहून बसवलेला आहे.