रक्त म्हणजे मूळव्याधच, असं धरून चालू नका

वर एकांनी लिहिलंय की शौचाला रक्त पडतं, मूळव्याधच असणार, म्हणून इसबगोल सुरू केलाय. इसबगोल चांगलाच, पण ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्या. कमी पाण्यात घेतला तर त्याचा गोळा होतो. मात्र आधी रक्ताचं कारण शोधा. माझे काका ८ महिने मलमंच लावत राहिले. शेवटी कोलोनोस्कोपीत (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून आतडं तपासतात, त्यात) मोठ्या आतड्यात पॉलिप, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढलेला मांसल कोंब, सापडला, तिथल्या तिथे काढला. अशा पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा १० एक वर्षं लागतात, म्हणजे हाताशी वेळ असतो, तो घालवू नका. काकांना तपासणीपेक्षा आदल्या रात्री पोट साफ करायला प्यायचं ते खारट औषधच जड गेलं, दर घोटाला तोंड वळवायचे. वय काहीही असो, याच आठवड्यात पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झाला असेल तर तेही त्यांना आवर्जून सांगा.